उजव्या हाताची सायकल

केळं मी खात नाही. कुणाच्या घरी गेले आणि बशीत केळं आलं, की मी ती बशी हळूच शेजारच्याकडं सरकवते. लोकांना वाटतं, हिला वाताचा त्रास असेल. वात कसला डोंबलाचा, संताप आहे तो. अकरावी आणि अर्धी बारावी मी लातूरच्या एका अपंग मुलींच्या वसतिगृहात काढली आणि तेवढ्यात जन्माची केळी खाऊन झाली. पुढाऱ्याचा वाढदिवस आला, की केळी. पुढाऱ्याच्या पोराचा वाढदिवस, केळी. कुणा व्यापाऱ्याचे वडील वारले, वर्षश्राद्धाला केळी. आमच्याकडं देवाला नैवेद्य दाखवतानासुद्धा माणूस विचार करतो, ह्या देवाला गूळ चालतो, त्या देवीला पुरणच लागतं. आम्हाला मात्र कधी कुणी विचारलं नाही, पोरींनो, काय खावंसं वाटतंय. हातात केळं द्यायचं, फोटो काढायचा आणि गाडीत बसून निघून जायचं. फोटो निघाल्याशिवाय सालही काढू द्यायचे नाहीत.

मुरुडला आमचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. शेजारी पिठाची गिरणी, तिच्या पट्ट्याची फटफट सुरू झाली की आमच्या घरात सकाळ व्हायची. अप्पा आंघोळ करून, गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसायचे. अप्पा फार मऊ माणूस. गिऱ्हाइकानं शिवी दिली तरी वर मूठभर शेंगदाणे द्यायचे. "जाऊ द्या की" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई त्यांच्या उलटी, चुलीपुढं बसूनच सगळ्या दुकानावर नजर ठेवायची. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली की तिचा वास पडद्याबाहेर जायचा आणि गिऱ्हाइकं म्हणायची, "अप्पा, आज आतलंच काहीतरी तोलून द्या." ताटात ज्वारीची भाकरी, करडईच्या तेलाची धार सोडलेली शेंगदाण्याची चटणी आणि मिळेल ती पालेभाजी. मला चटणीत तेल जास्त लागायचं आणि ते मी भांडून घ्यायची.

पोलिओनं माझे दोन्ही पाय आणि उजवा हात लहानपणीच नेला. ते रडगाणं मी इथं गाणार नाही, ज्यांना आवडतं त्यांनी दुसरीकडं ऐकावं. मला सांगायचंय ते उचलण्याबद्दल. ज्याला दुसऱ्यानं उचलल्याशिवाय जागचं हलता येत नाही, त्याचं सगळं आयुष्य कोण उचलतं आणि कसं उचलतं ह्यावर चालतं. आई मला उचलायची तेव्हा आधी पदर खोचायची, मग माझा डावा हात स्वतःच्या मानेभोवती टाकायची, एक हात गुडघ्याखाली आणि एक पाठीला. उजव्या खांद्याला कुणी हात लावायचा नाही, तो जागचा निसटतो, हे आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, सगळं गाव शेतात जायचं, तेव्हा बैलगाडीत गादी टाकून मलाही न्यायचे. काकांच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं आंबिलाचं मडकं माझ्या पुढ्यात ठेवायचे. आल्यागेल्याला आंबील वाढायचं काम माझं. डाव्या हातानं वाढते म्हणून एका म्हाताऱ्यानं नाक मुरडलं, तर आई भज्जीचं पातेलं आपटून म्हणाली, "नगं असंल तर हिरीचं पाणी प्या की." म्हातारा मुकाट्यानं दोन पेले प्याला.

अशा घरातून मी आले होते, म्हणून पुढचं सगळं मला जड गेलं. ज्या पोरींना घरीच कुणी विचारत नव्हतं, त्यांना तिथंही काही वाटायचं नाही, आणि ह्याचाच मला जास्त राग येतो.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि तिथंच सगळा घोळ झाला. गुरुजी म्हणाले, हिला लातूरला कॉमर्सला घाला, हिशोबात डोकं आहे. पण माझ्यामागं दोन लहान भावंडं, दुकान, घर. आईनं लातूरला येऊन राहणं जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा कुणीतरी ह्या वसतिगृहाची माहिती आणली. राहणं, खाणं, सांभाळणारी माणसं, सगळं फुकट, सरकार देतं. अप्पांनी लगेच हात जोडले. आमच्या माणसांना हात जोडायची फार घाई. फुकट म्हणजे काय, हे मला तिथं गेल्यावर कळलं. माझ्या डोक्यामागं सरकारकडून अनुदान यायचं आणि ते संस्थेच्या खात्यात पडायचं. डोकं माझं, खातं त्यांचं. त्याचं काय करायचं हे ठरवायला अध्यक्ष बसायचे, सचिव बसायचे, अध्यक्षांचे मेहुणे बसायचे. आम्ही तेवढ्या तिथं नसायचो.

आम्हाला उचलायला दोन मावश्या होत्या. बिचाऱ्या त्यांना तरी काय बोलायचं, एवढ्या पोरी आणि त्या दोघी. त्यांची उचलायची पद्धत एकच, मागून दोन्ही काखांत हात घालायचे आणि ओढायचं. पहिल्याच दिवशी माझा उजवा खांदा निसटला आणि मी बोंबलले. मी सांगितलं, मावशी, असं नका, डावा हात मानेभोवती घ्या, गुडघ्याखाली हात घाला. मावशी म्हणाली, "एकेकीचं असं ऐकत बसले तर दुपारपर्यंत आंघोळी उरकत न्हाईत." खरंच होतं तिचं. पण खांदा माझा होता. रोज सकाळी मी दातात ओढणी धरून बसायची. आंघोळ झाली की सगळ्यांनी खडू बनवायला बसायचं. कुणाला गाणं येवो, कुणाला गणित येवो, अपंग पोरगी म्हणजे खडू. त्या खडूंनी कुठल्या फळ्यावर काय लिहिलं जायचं देव जाणे.

माझ्या शेजारच्या कॉटवर सुनंदा होती, हदगावकडची. बाप वारलेला, भावानं आणून सोडलेली. पाय तिचे माझ्यासारखेच गेलेले, पण हात म्हणाल तर दोन्ही दणकट. हातांवर सरकत ती सगळं वसतिगृह पालथं घालायची, स्वयंपाकघरातून माझ्यासाठी तिखट मीठ लंपास करून आणायची. तिला एकच गोष्ट पाहिजे होती, हातानं चालवायची तीनचाकी सायकल. "शिवकांता," ती मला म्हणायची, "मला सायकल भेटली ना, तर मी एकटी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन येतो बघ. घेणार काहीच न्हाई. नुस्ती एक चक्कर मारतो." अधीक्षक सरांच्या मागं लागून लागून ती थकली. दर वेळी तिला चादर मिळायची. चादरींचा ढीग झाला होता तिच्या कॉटखाली.

आणि मला पाहिजे होतं कॉलेज. प्रवेश झाला होता, पुस्तकं होती, पण कॉलेजपर्यंत न्यायचं कुणी? वसतिगृहाची गाडी होती, ती अध्यक्षांच्या कामाला. अकरावी मी अशीच, कधी कुणाच्या हातापाया पडून रिक्षातून, कधी घरबसल्या पुस्तक वाचून ढकलली. बारावीला कॉलेजनं सांगून टाकलं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. मी अधीक्षक सरांकडं गेले. म्हणजे मावश्यांनी मला ओढत नेऊन सरांपुढं ठेवलं. मी म्हणाले, "सर, सरकार माझ्यासाठी तुम्हाला जे देतं, त्यातून मला जायला-यायला एक रिक्षा लावून द्या आणि माझ्या पसंतीची एक बाई द्या, मला नीट उचलणारी. दुसरं काही नको. चादर नको, केळी नकोत."

सर हसायला लागले. शिपायाला म्हणाले, "ऐकलं का? हिला पसंतीची बाई पाहिजे." मग माझ्याकडं वळून, "पसंती लग्नात असती बाई. ते तर तुझं होणार न्हाई. इथं जे मिळतंय ते गोड मानून घ्यायचं."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. माणूस मेला, त्याला बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

पण माझी कटकट त्यांना जाचत होती. एक दिवस सर स्वतःच आले, एकदम गोड बोलायला लागले. दादांचा वाढदिवस आहे, दादा तुला सायकल देणार आहेत, आता कर तुझं कॉलेज. दादा म्हणजे त्या भागातले तेव्हाचे पुढारी, संस्थेच्या अध्यक्षांचे खास. मी विचारलं, सायकल कशी आहे? हँडल कुठल्या हाताला आहे? सर म्हणाले, "दानाच्या गायीचे दात मोजायचे नसतात." आणि गेले.

कार्यक्रमाला मांडव, बँड, दादांना फेटा, फळांच्या पाट्या. आम्हाला सकाळपासून नवे कपडे घालून ओळीनं बसवलेलं. आणि मधोमध ती सायकल, हिरवी, नवी कोरी. पाठीमागं पत्र्यावर दादांचं नाव ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक, "कु. शिवकांता हिस सप्रेम भेट." फिरवायचं पायडल उजव्या बाजूला. वळवायचं हँडल त्यालाच. डाव्या बाजूला काही नाही. मी सरांकडं बघितलं, ते फेट्याकडं बघत होते. मावश्यांनी मला काखेत धरून सायकलवर टाकलं. फोटोवाला आला. त्यानं माझा उजवा हात मांडीवरून उचलला आणि पायडलवर नेऊन ठेवला. हात खाली घसरला. त्यानं परत ठेवला. परत घसरला. तिसऱ्या वेळी तो वैतागून म्हणाला, "जरा घट्ट धरा की ताई." लोक हसले. माझा हात, मला न विचारता तो माणूस उचलून ठेवत होता, आणि हसू त्यांना माझं येत होतं.

मग पूजा. नवं वाहन म्हटल्यावर पूजा आलीच, मग ते विमान असो की अपंगाची सायकल. हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आता चाकानं लिंबू चिरडून पुढं जायचं, की झालं. दादा माईकवर म्हणाले, "चालव बाळ, चालव." बँडवाले तयारीत उभे. सगळा मांडव त्या लिंबाकडं बघायला लागला. मी तशीच बसलेली. सर माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "पुढं घे ना!" मी म्हटलं, "कशानं घेऊ?" तोवर एका कार्यकर्त्यानं मागून सायकल ढकलायला सुरुवात केली. त्या क्षणाला माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे. चालतो तो हात माझा एकच, डावा. मी त्या हातानं बाजूचं चाक धरलं. आरे बोटांत रुतले, पण सोडलं नाही. त्यानं जोर लावला, सायकल जागची हलली नाही. लिंबू तसंच्या तसं.

"माईक द्या," मी म्हणाले. सरांना वाटलं, आभार मानते. मला ते नेहमी आभाराला उभं करायचे, म्हणजे बसवायचे, बोलायला बरी होते म्हणून. माईक तोंडापुढं आला. मी म्हणाले, "ही सायकल उजव्या हाताची आहे. माझा उजवा हात चालत नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिकडं सुनंदा बसलीये, तिचे दोन्ही हात चांगले आहेत, सायकल तिला पाहिजे, किती दिवस झाले ती मागतीये, ही तिला द्या. मला कॉलेजला न्यायला माणूस पाहिजे. माझ्या नावानं जो पैसा येतो त्यातून मला माझं माणूस ठेवू द्या." एवढंच. शिवी एकही दिली नाही, ह्याचं आज वाईट वाटतं. दादा म्हणाले, "बघू, बघू," आणि हात हलवत उतरले. बँडवाल्यांना काही कळेना, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. सुनंदा ओळीत बसल्या जागी दोन्ही हात वर करून हसत होती. तिला वाटलं, मिळाली.

मिळाली नाही. पत्र्यावर माझं नाव रंगवलेलं होतं ना! ज्याचं नाव त्याची वस्तू, म्हणाले. मला चालवता येत नाही, तिला देता येत नाही. सायकल साखळीनं बांधून ऑफिसपुढच्या व्हरांड्यात ठेवली, पाहुण्यांना दिसेल अशी. सुनंदा रोज तिच्या शेजारून हातांवर सरकत जेवायला जायची.

आठवड्याभरानं अप्पांना निरोप गेला. अप्पा सकाळच्या एसटीनं आले, हातात दशम्यांचं गाठोडं. सरांनी त्यांना खुर्ची दिली नाही. म्हणाले, पोरीनं दादांचा भरसभेत अपमान केला, दादांच्या घरी नेऊन तिला पाया पडायला लावा, नाहीतर आत्ता घेऊन जा. उभं राहता येत नाही तिनं वाकायचं कसं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. अप्पांनी हात जोडले. "पोरगी ल्हान हाय साहेब, चुकली." मग मला म्हणाले, "माफी माग, शिवकांता."

"मी काय खोटं बोलले, अप्पा?"

"खरं-खोटं ऱ्हाऊ दे. उपकार हायत त्यांचे."

"कसले उपकार? पैसा माझ्या नावाचा आहे."

"लई शहाणी झालीस!" अप्पा माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मीही रडत होते, पण माफी काही तोंडातून निघेना. सर म्हणाले, "बस झालं नाटक. उचला हिला, रिक्षात टाका." मावश्या मागून आल्या, काखांत हात घातले आणि ओढलं. खांदा निसटला, मी किंचाळले, कुर्ता वर गेला, पाठ उघडी पडली, सरांच्या देखत, शिपायाच्या देखत. आमच्यासाठी हे रोजचंच. पण अप्पा भेटायला यायचे तेव्हा मी आधीच व्हरांड्यात आणून बसवलेली असायची. ते उचलणं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"हात काढा!" तो आवाज अप्पांचा होता, हे मला क्षणभर कळलं नाही. "काढा म्हन्तो ना हात! खाली ठेवा लेकराला!" मावश्यांनी घाबरून मला सोडलं. अप्पांनी आधी माझा कुर्ता खाली केला. मग माझा डावा हात स्वतःच्या मानेभोवती घेतला, गुडघ्याखाली हात घातला, आणि मला घेऊन उभे राहिले. सरांकडं बघितलंसुद्धा नाही. दाराशी आल्यावर थांबले आणि मला विचारलं, "कुठं जायचं, सांग."

मी म्हणाले, "कॉलेजला. दुपारचा तास आहे." अप्पा मला रिक्षानं कॉलेजलाच घेऊन गेले आणि तास संपेपर्यंत वर्गाबाहेर धोतराचा सोगा धरून उभे राहिले. पुढं आम्ही लातुरात एक खोली घेतली. मला उचलायला बाई मी निवडली. ज्या दोघी-तिघी आल्या त्यांना आधी मला उचलून दाखवायला लावलं, आणि जिनं "कुठं धरू?" असं विचारलं तिला ठेवलं. तिच्या जोरावर बारावी झाली, बी.कॉम. झालं, बँकेत लागले.

लोक मला आता व्याख्यानाला बोलावतात आणि माझ्या जिद्दीचं कौतुक करतात. कसली आलीये जिद्द! माझ्या बापाचं दुकान होतं. रिक्षाला द्यायला आणि बाईला द्यायला त्याच्या गल्ल्यात होतं. मी वसतिगृह सोडलं त्या दिवशी सुनंदा फाटकापर्यंत सरकत आली होती, तळहात लाल झालेले. म्हणाली, "जाय बाई. तुला बाप हाय." जे हक्कानं मिळायचं ते बापाच्या कृपेनं मिळालं, आणि ज्यांना बाप नव्हता त्या खडू करत बसल्या, ह्यात कौतुक कशाचं करायचं?

आता आम्हाला दिव्यांग म्हणतात. नाव छान आहे. गावोगावी आमच्यासाठी निधी राखून ठेवतात आणि त्याचं काय घ्यायचं ते अजूनही दुसरेच ठरवतात. एका गावात सगळ्यांना सरसकट काठ्या वाटल्या, त्यात ऐकू न येणाऱ्या पोरालाही एक काठी. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो पोरगा त्या काठीनं कुत्री हाकत होता.

परवाच्या उन्हाळ्यात नांदेडला अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. सध्या माझ्याकडं वत्सलाबाई आहेत, माझ्या पगारी, माझ्या पसंतीच्या. त्यांना म्हटलं, चला, हदगावला जाऊन येऊ. सुनंदा तिथंच आहे, भावाच्या घरी. भाऊ थकलाय, त्याची सून सगळ्यांचं बघते. सुनंदाचे हात आता गेले, एवढी वर्षं त्यांच्यावर सरकून सरकून मनगटं सुजलेली. मला ओळखलं तिनं लगेच. "अगं, शिवकांता! केस पिकले की तुझे." सुनेनं चहा आणला. मला भरून कप, सुनंदाला तळाशी दोन घोट. मी बघतेय म्हटल्यावर सूनच म्हणाली, "आत्याला जास्त देत न्हाई ताई. पाणी बी मोजूनच देतो. सारखं सारखं लघवीला न्यावं लागते ना, मी एकटी कुठं कुठं पाहू?" बाई वाईट नव्हती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि सुनंदाचे ओठ फुटलेले होते.

सून आत गेली. मी सुनंदाचा हात धरला आणि विचारलं, "सुनंदा, तुला काय पाहिजे? खरं सांग. माझ्याच्यानं होईल ते करते."

ती हसली. दात बरेच पडलेत. "आता विचारून राहिली व्हय?" म्हणाली. मग दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तांब्याभर पाणी पाज. गार, पोटभर. आन् मग लगेच जाऊ नको. ह्या तुझ्या बाईला घटकाभर थांबव."

वत्सलाबाईंनी माठातून तांब्या भरून आणला. सुनंदा तो एका दमात प्याली. आम्ही थांबलो.